मागील पानावरून पुढे

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. मागच्या आठवड्यात कपाटाच्या वरच्या फळीवरची कागदांची पेटी आवरायला काढली, आणि आवरणं राहिलं बाजूला, २०२३ सालची फाईल उघडून तशीच जमिनीवर बसून राहिले. वरच एक कागद होता. पी ४५.

इथे ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना हा कागद काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी: नोकरी सुटली की मालक हा कागद हातात देतो. त्यावर वर्षात आजवर किती पगार दिला आणि किती कर कापला, एवढेच दोन महत्त्वाचे आकडे असतात. पण 'त्याला पी ४५ मिळाला' असं म्हटलं की लोक समजून जातात, गेली नोकरी.

त्या जून महिन्यात माझी गेली. मी लीड्समध्ये एका कंपनीत होते, आमच्या विभागातल्या अकरा जणांच्या जागा 'उरल्या नाहीत'. तुम्ही वाईट आहात म्हणून काढत नाही, जागाच उरली नाही, असं ते फार काळजीपूर्वक सांगतात. रिडंडंट. ऐकणाऱ्याला दोन्हीत फारसा फरक वाटत नाही. आईला मी तीन आठवडे सांगितलं नव्हतं. तिला अजून वाटतं तीन दिवस. मावशी हे वाचणार आणि तिला सांगणार, हे गृहीत धरूनच लिहिते आहे.

बाबांना मात्र लगेच सांगितलं होतं. बाबा सातारा जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात हिशेब विभागात चौतीस वर्षं होते. ते हळहळले नाहीत, धीर दिला नाही, 'होईल सगळं नीट' म्हणाले नाहीत. जुलैअखेर शेवटचे पैसे आले तेव्हा त्यांचा एकच प्रश्न:

"कापलेला कर बरोबर आहे का, ते बघितलंस का?"

"बाबा, अहो, ते सॉफ्टवेअर कापतं."

"सॉफ्टवेअरला कुणीतरी काहीतरी सांगितलेलं असतं. काय सांगितलंय ते बघ."

बघितलं. पगार महिना साडेतीन हजार पौंड होता. एप्रिल, मे, जून असे तीन महिने मिळाले, त्यावर १,४७१ पौंड कर. जुलैच्या सुरुवातीला पी ४५ आला आणि महिनाअखेर शेवटचा हिशेब. त्यात बावीस हजार पौंड नोकरी गेल्याची भरपाई होती, तिला कुणी हात लावला नव्हता. पण नोटिशीच्या दोन महिन्यांचे सात हजार आणि न घेतलेल्या रजेचे दीड हजार, अशा साडेआठ हजारांवर २,७७१ पौंड कर कापला होता. जवळजवळ एक तृतीयांश! मी आयुष्यात कधी वीस टक्क्यांच्या वर कर भरला नव्हता. नोकरी गेली त्या महिन्यात मी अचानक श्रीमंत झाले होते.

पगारपत्रकावर कराचा कोड बदललेला होता. आधी १२५७ एल होता, आता 'झीरो टी, मंथ वन'. हे काय प्रकरण आहे ते शोधता शोधता मी १९४३ सालात जाऊन पोचले. नोकरी नव्हती, वेळ भरपूर होता.

तर गोष्ट अशी. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी ब्रिटनमध्ये इन्कम टॅक्स हा बऱ्यापैकी मिळवणाऱ्यांचा मामला होता. सुमारे ४० लाख लोक भरायचे. सामान्य कामगाराला त्याचं सोयरसुतक नव्हतं. मग युद्धाचा खर्च आला, करमाफीची मर्यादा खाली आली, १९४१ मध्ये मुख्य दर पौंडाला दहा शिलिंग झाला, म्हणजे निम्मा, आणि कर भरणारे १ कोटी २० लाखांच्या वर गेले. ज्याला आठवड्याच्या आठवड्याला पाकिटात मजुरी मिळते, अशा माणसाकडून सहा महिन्यांनी एकरकमी कर कसा मागणार? म्हणून १९४० पासून मालकाने पगारातून कापून घ्यायचं ठरलं.

पण कापायचं कशाच्या हिशेबाने? तर मागच्या सहामाहीच्या कमाईवरून. उन्हाळ्यात ओव्हरटाइम करून भरपूर मिळवलेल्या माणसाचा कर कापला जायचा हिवाळ्यात, जेव्हा काम कमी आणि पाकीट हलकं. आजारी पडला, काम सुटलं, तरी मागच्या सुगीचा कर मानगुटीवर बसलेलाच. आणि पुढे याहून मोठं संकट दिसत होतं. युद्ध कधीतरी संपणार. दारूगोळ्याच्या कारखान्यांतून लाखो माणसं, त्यात किती तरी बायका, घरी जाणार. त्यांच्या हातात पगार नसेल, पण गेल्या सहामाहीच्या जास्तीच्या पगारावरचा कर मात्र बाकी असेल.

हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्याकडे हंगामी कामगार होते की. गाळप सुरू असेपर्यंत पगार, आणि कारखाना बंद झाला की रिटेन्शन अलाउन्स. त्यांच्याकडून बिगरहंगामात हंगामाचा हिशेब मागितला असता तर दगडच मारले असते लोकांनी."

इंग्लंडमध्ये दगड मारले नाहीत, पण कुरकुर पुष्कळ होती. जास्त काम केलं तर कर कापतात, मग कशाला करा, असं कामगार म्हणू लागले. युद्धाच्या ऐन मध्यात ही कुरकुर सरकारला परवडणारी नव्हती.

इथे गोष्टीत एक माणूस येतो, आणि मला तो फार आवडला. पॉल चेंबर्स. जन्म १९०४, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकलेला, ब्रिटिश कर खात्यातला अधिकारी. पण याची तयारी झाली कुठे, तर आपल्याकडे! १९३५-३६ मध्ये हिंदुस्थानच्या प्राप्तिकराची तपासणी करायला एक समिती नेमली होती. तीन सदस्य होते: सी. डब्ल्यू. एअर्स, हे एस. पी. चेंबर्स आणि खान बहादूर जे. बी. वाच्छा. त्याआधी आपल्याकडे पायऱ्यांची पद्धत होती, उत्पन्न एका मर्यादेपलीकडे गेलं की सगळ्याच उत्पन्नाला वरचा दर. एक रुपया जास्त मिळाला म्हणून शंभर रुपये जास्त कर भरायची पाळी. या समितीने ती काढून टाकायची शिफारस केली आणि १९३९ च्या दुरुस्तीने तिच्या जागी स्लॅब आले. 'कुठल्या स्लॅबमध्ये बसतोस?' हे वाक्य आपण दर मार्चमध्ये म्हणतो, ते या तिघांच्या अहवालापासून. चेंबर्स पुढे १९३७ ते १९४० हिंदुस्थान सरकारचे प्राप्तिकर सल्लागार होते. मग परत गेले, आणि १९४२ पासून कर खात्याच्या वरच्या खुर्चीत बसून मजुरांच्या पाकिटातला हा तिढा सोडवायला लागले.

त्यांच्या पुढाकाराने जी पद्धत उभी राहिली तिचं नाव 'पे ॲज यू अर्न', म्हणजे कमवाल तसं भरा. आद्याक्षरांनी पीएवायई. नावात तिची खरी खुबी नाही. पगारातून कर कापणं हे तोवर नवं राहिलं नव्हतं, अमेरिकेनेही १९४३ मध्येच ते व्यापक प्रमाणावर सुरू केलं. खुबी अशी, की इथे प्रत्येक पगाराच्या दिवशी वर्षाच्या सुरुवातीपासूनचा हिशेब पुन्हा मांडायचा. आजवर एकूण किती मिळालं, त्यातून वर्षाच्या करमाफीचा आजवरचा वाटा वजा केला, उरलेल्यावर कर किती, त्यातला आधी किती कापला, आणि फरक तेवढाच आज कापायचा. फरक उलटा आला तर मालकाने तो कामगाराला तिथल्या तिथे पाकिटात परत द्यायचा. अर्ज नाही, रिटर्न नाही, वाट बघणं नाही.

बाबांना हे पटायला वेळ लागला. आपल्याकडे १९६१ च्या कायद्यात मालकाने वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज बांधून सरासरी दराने कापायचं, चुकलंच तर वर्ष संपायच्या आत जुळवून घ्यायचं, आणि तरी जास्त गेला तर रिटर्न भरून रिफंडची वाट बघायची, अशी रीत होती. मुदलात तो अंदाज. इथे अंदाज नाही, दर वेळी झालेल्या कमाईचाच हिशेब. थोडा वेळ गप्प बसून बाबा म्हणाले, "म्हणजे मागील पानावरून पुढे."

अगदी तेच. जुन्या खतावणीत पान संपलं की बेरीज खाली लिहायची आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर 'मागील पानावरून पुढे' म्हणून तीच उतरवायची. पीएवायई ही त्या एका ओळीवर उभी केलेली राष्ट्रीय पद्धत आहे. आणि हे सगळं कॉम्प्युटरच्या आधी, छापील तक्ते आणि प्रत्येक कामगाराचं एक कार्ड एवढ्यावर! कारखान्यातल्या पगार कारकुनाने दर आठवड्याला शेकडो कार्डांवर ही बेरीज करायची. बाबांना त्या कारकुनांविषयी जास्त कळवळा आला, चेंबर्सविषयी कमी.

योजनेला एक अपशकुनही झाला. अर्थमंत्री किंग्जली वुड २१ सप्टेंबर १९४३ रोजी ती पार्लमेंटपुढे मांडणार होते, त्याच दिवशी सकाळी ते अचानक वारले. त्यांच्या जागी सर जॉन अँडरसन आले, आणि त्यांनी ती पुढे नेली. हे अँडरसन म्हणजे १९३२ ते १९३७ या काळातले बंगालचे गव्हर्नर. म्हणजे योजना आखणारा आणि तडीस नेणारा, दोघेही आपल्याकडची नोकरी करून आलेले. सुरुवातीला ती आठवड्याच्या मजुरीवाल्यांसाठी आणि कमी पगारदारांसाठीच होती. मग वरच्या पगारवाल्यांनी 'आम्हाला का नाही' म्हणून गलका केला आणि ती सगळ्याच नोकरदारांना लागू झाली. लोक कर कापून घ्यायला भांडले, असा प्रसंग इतिहासात दुसरा सापडला तर मला जरूर कळवा.

६ एप्रिल १९४४ पासून पद्धत सुरू झाली. (६ एप्रिलच का, याची कहाणी १७५२ सालच्या कॅलेंडर बदलापर्यंत जाते. ती पुन्हा कधीतरी.)

आता पी ४५. कामगाराने एक नोकरी सोडून दुसरी धरली तर नव्या मालकाला मागची बेरीज कळणार कशी? त्यासाठी हा कागद. तो म्हणजे मागील पानाची शेवटची ओळ, फाडून हातात दिलेली. नवा मालक ती ओळ आपल्या पानाच्या डोक्यावर लिहितो आणि हिशेब जणू कधी तुटलाच नव्हता असा पुढे चालू होतो. काढून टाकल्याची निशाणी म्हणून बदनाम झालेला हा कागद मुळात कामगाराचे जास्त गेलेले पैसे परत मिळावेत म्हणून जन्माला आला.

आणि दुसरी नोकरी मिळालीच नाही तर? तरीही करमाफीचा वाटा दर आठवड्याला वाढतच असतो. वर्षाच्या पहिल्या तिमाहीत पगार मिळाला आणि मग शून्य, तर दर आठवडा जाईल तसा आधी भरलेला कर जास्त ठरत जातो. पहिली काही दशकं हा परतावा बेकारीच्या काळातच टप्प्याटप्प्याने मिळत असे. भत्ता थोडा, त्यात हा थोडा. संपकऱ्यांनाही मिळे, त्यांचं नाव तर मालकाच्या पटावरच असे. १९७० च्या दशकात मोठमोठे संप झाले तेव्हा यावरून गदारोळ झाला, सरकारच संपाला पैसे पुरवतं म्हणून. शेवटी थॅचर सरकारच्या काळात, जुलै १९८२ पासून बेकारभत्ता करपात्र ठरवला आणि बेकारांचा परतावा पुन्हा कामाला लागेपर्यंत किंवा वर्ष संपेपर्यंत रोखून धरायचा नियम झाला. संपकऱ्यांचाही तसाच.

कारण हिशेबी होतं. भत्त्यावरचा कर आधी कळायला हवा, मग परतावा. पण परिणाम बघा. ज्या आठवड्यांत पैशाची खरी गरज, त्याच आठवड्यांत पैसे द्यायचे, ही १९४४ ची कल्पना तिथे मोडली. संप दोनशे जणांच्या भांडणाचा प्रश्न होता, त्यापायी घरी बसलेल्या एकट्या माणसाचाही परतावा अडला, असं मला वाटतं. तुम्हाला वेगळं वाटू शकतं.

आता भरपाईकडे येते, कारण माझे बावीस हजार अस्पर्श का राहिले ते सांगायचं राहिलं. एके काळी नोकरी गेल्याची भरपाई हे उत्पन्नच नव्हे, असं मानलं जाई. उत्पन्न कामाचं असतं, हे तर काम गेल्याचं. याचा फायदा मोठ्या कंपन्यांच्या डायरेक्टरांनी घेतला. जाताना हजारो पौंडांचा 'सोनेरी हस्तांदोलन' म्हणून जो नजराणा मिळायचा तो सगळा करमुक्त. १९६० च्या फायनान्स ॲक्टने त्याला चाप लावला. पाच हजार पौंडांपर्यंत माफ, वरचं करपात्र. साध्या कामगाराला त्या काळी पाच हजार कोण देत होतं! त्याला भरपाईचा हक्कच मुळी १९६५ मध्ये मिळाला. हॅरॉल्ड विल्सनच्या मजूर सरकारने रिडंडन्सी पेमेंट्स ॲक्ट केला, तो त्या वर्षी ६ डिसेंबरला लागू झाला. दोन वर्षं सलग नोकरी झाली असेल तर वय आणि वर्षं बघून आठवड्यांच्या हिशेबाने पैसे. नोकरी ही माणसाची एक प्रकारची मालमत्ताच आहे, ती घेतलीत तर मोबदला द्या, असा विचार त्यामागे होता. शिवाय जुन्या उद्योगांतली माणसं फार न भांडता नव्या उद्योगांकडे वळावीत, हाही.

करमाफीची ती मर्यादा वाढत वाढत १९८८ मध्ये तीस हजार झाली आणि तिथेच थांबली. २०२३ मध्ये मला नोकरीवरून काढलं तेव्हाही तीस हजारच. १९८८ मध्ये तीस हजार पौंड म्हणजे काय रक्कम होती, ते इथल्या कुणाही साठीच्या माणसाला विचारा. नोटिशीच्या पैशांवरची थोडी ढिलाई होती तीही २०१८ च्या एप्रिलपासून गेली. नोटिशीचे पैसे आता पगारासारखेच करपात्र. म्हणून माझे सात हजार करात गेले. त्याबद्दल तक्रार नाही. कर लागणं आणि किती लागणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

किती, याचं उत्तर पी ४५ च्या तारखेत होतं. पैसे पी ४५ च्या आधी मिळाले असते तर जुनाच कोड, जुनीच बेरीज, आणि कर आपोआप बरोबर. पण पी ४५ देऊन झाल्यावर मालकाच्या वहीतलं माझं पान बंद. त्यानंतर जे काही देईल ते त्याला मागचं काही न आठवता द्यावं लागतं. २०११ पर्यंत अशा रकमेवर सरसकट मूळ दराने कर कापत. त्यात भलीमोठी रक्कम घेऊन जाणाऱ्यांकडून कमी कापलं जाई. त्यातून २०१० च्या सप्टेंबरात वेगळाच गोंधळ उघडकीला आला होता. नव्या कॉम्प्युटरवर जुने हिशेब ताडून पाहिले तेव्हा सुमारे ६० लाख लोकांचा कर चुकलेला निघाला, बहुतेकांचा जास्त गेलेला, पण बऱ्याच जणांचा कमीही. कमी कापणं कुणालाच नको झालं होतं. ६ एप्रिल २०११ पासून पी ४५ नंतरच्या रकमेला झीरो टी कोड आला.

झीरो टी म्हणजे करमाफी शून्य. मंथ वन म्हणजे मागच्या महिन्यांचं काही लक्षात घेऊ नका, हाच वर्षाचा पहिला महिना समजा. दोन्ही मिळून अर्थ असा होतो की या बाईला दर महिन्याला साडेआठ हजार मिळतात. महिन्याच्या वाटणीला वीस टक्क्यांचा पट्टा येतो ३,१४१ पौंडांचा. त्याच्या वरच्या पाच हजारांहून जास्त रकमेला थेट चाळीस टक्के. डायरेक्टराला लावायचा चाप, त्यात बोट सापडलं माझं. कंपनीच्या पगार विभागाने काही चूक केली नव्हती, नियमात सांगितलं तसंच सॉफ्टवेअरने केलं. बाबांचं बरोबर होतं, त्याला कुणीतरी सांगितलेलं होतं.

ऑगस्टच्या एका रात्री बाबांनी व्हिडिओ कॉलवर वही कॅमेऱ्यासमोर धरून मला हिशेब दाखवला. मला वर्षभर दुसरी नोकरी लागलीच नाही असं धरलं, तर एकूण करपात्र उत्पन्न १९,०००, त्यातून १२,५७० माफ, उरलेल्या ६,४३० वर वीस टक्के, म्हणजे १,२८६ पौंड. कापलेला कर १,४७१ अधिक २,७७१, म्हणजे ४,२४२. जास्त गेला २,९५६. "तीन महिन्यांचं घरभाडं," बाबा म्हणाले. माझं भाडं किती आहे हे त्यांच्या लक्षात होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

ते पैसे वर्ष संपायच्या आत मागायला एक फॉर्म आहे, पी ५०. निदान चार आठवडे काम नसेल, करपात्र भत्ता घेत नसाल, आणि लवकर कामाला लागणार नसाल तर भरायचा. मी भत्ता घेतला नव्हता. पण 'लवकर कामाला लागणार नाही' असं स्वतःच्या हाताने लिहायला मन धजेना. एक मुलाखत झाली होती, दुसरीचं बोलावणं होतं. फॉर्म उघडायचे आणि मिटायचे. हिशेबाचा फॉर्म नव्हता तो माझ्यासाठी. असं करता करता ऑक्टोबर गेला आणि नोव्हेंबरला नोकरी लागली, महिना तीन हजारांची.

नव्या ठिकाणी पी ४५ दिला. नोव्हेंबरअखेर पगार आला. पगारपत्रकात कराच्या रकान्यात उणे ४४८ पौंड असा आकडा होता. उणे! कर कापला नव्हता, परत दिला होता. एप्रिल ते जूनच्या पगारावर जो कर गेला होता तो मधल्या बेकारीच्या महिन्यांमुळे जास्त ठरला, आणि कुणी न मागता, कुणाला फोन न करता, पाकिटात आला. एकोणऐंशी वर्षांपूर्वी ठरवलं होतं तसाच. (नॅशनल इन्शुरन्सचा हप्ता मात्र यथासांग कापला गेला. त्याचा हिशेब वेगळा असतो, त्याला मागचं पान माहीत नसतं.)

पण त्या उणे ४४८ मध्ये जुलैचे पैसे नव्हते. असणार कसे? पी ४५ वर जूनपर्यंतचेच आकडे. त्यानंतरच्या रकमेसाठी मालक दुसरा पी ४५ देत नाही, नुसतं पगारपत्रक किंवा पत्र देतो. नव्या मालकाला त्या साडेआठ हजारांचा पत्ताच नाही. २०१३ पासून प्रत्येक पगाराची खबर मालकाकडून कर खात्याकडे त्याच वेळी जाते, त्यामुळे खात्याला माहीत असतं, पण ते वर्ष संपल्यावर ताडून बघतात. आणि खात्याने लिहिलं नाही तर ते वर्ष संपल्यापासून चार वर्षांच्या आत आपणच मागायचं. नंतर विसरायचं.

माझ्याबरोबर नोकरी गेलेल्या अकरातल्या बहुतेकांना मी डिसेंबरात हे लिहून कळवलं. एकीचं उत्तर आलं, "मला वाटलं, भरपाईवर एवढा कर लागतच असेल." ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, आयुष्यभर पगारावर जगलेली, कधी एक फॉर्म न भरलेली. पीएवायईने तिला तशी सवयच लावली होती. ऐंशी वर्षं आपोआप बरोबर येणारा हिशेब एकदा आपोआप चुकला तर तो तपासायचं कुणाला सुचणार? मलाही सुचलं नव्हतं. मला साताऱ्याहून फोन आला होता.

२०२४ च्या उन्हाळ्यात मला पी ८०० नावाचं पत्र आलं. वर्षभराचं एकूण उत्पन्न ३४,०००, द्यायचा कर ४,२८६, जास्त गेला तो १,०६९ पौंड आणि वर काही पेन्स. ऑनलाइन मागणी केली, पैसे बँकेत आले. पत्राचा फोटो बाबांना पाठवला.

आनंद वगैरे बाजूलाच. त्यांचा आकडा १,०७१ होता, वर सदुसष्ट पेन्स. वीस टक्क्यांच्या जागी चाळीस कापलेल्या रकमेवरचे जादा वीस टक्के, सरळ गणित. मग खात्याचं कमी कसं? मी म्हटलं, बाबा, दोन पौंडांचा प्रश्न आहे. ते म्हणाले, प्रश्न दोन पौंडांचा नाही. दोन दिवस फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे, इथल्या पहाटे, मेसेज: "तुझा कोड १२५७. शेवटचा आकडा गाळलेला असतो. तक्ता तिथे ९ धरतो, म्हणजे माफी १२,५७९. नव्या मालकाने वर्षभरात ९ पौंडांवर कर कमी कापला. ९ चे वीस टक्के १ पौंड ८० पेन्स. खातं बरोबर आहे."

खाली दुसरा मेसेज होता. "आईला सांगितलं पैसे आले म्हणून."